केतकीची ओळ

पहिल्या दिवशी जोडणीच होईना. शर्वरी मयेकरने सकाळपासून सगळं नीट मांडलं होतं. भाड्याचं यंत्र निवडलं, त्यावर डेटाबेस उभा केला, पासवर्ड घातले. तरी रत्नागिरीतल्या त्यांच्या छोट्या ऑफिसातून हाक मारली की पलीकडून नुसती शांतता. पडद्यावर ‘उत्तर नाही’ एवढे दोन शब्द यायचे. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दार तिनंच बंद ठेवलंय. कुठून येणाऱ्याला आत घ्यायचं, ते डेटाबेसला आधी सांगून ठेवावं लागतं आणि नेमका आपल्याच ऑफिसचा पत्ता सांगायला ती विसरली होती.

प्रकल्पाच्या प्रमुख नफीसा काझी शेजारीच उभ्या होत्या. त्या हसल्या. “घर बांधलंस आणि किल्ली आत ठेवून बाहेर आलीस.”

शर्वरीही हसली. पण तिनं सगळं पुन्हा एकदा तपासून घेतलं, कारण या घरात पहिला राहायला येणार होता तो तिचा नवरा.

निनाद मयेकर बंदर खात्यात भरती-ओहोटी मोजायचा. भाट्याच्या खाडीत या घडीला पाणी चढतंय की उतरतंय, हे तो घड्याळ न बघता सांगायचा. वर्षभरापूर्वी त्याला मेंदूज्वर झाला. त्यातून तो उठला, हिंडूफिरू लागला, भरती-ओहोटीही अचूक सांगू लागला; पण माणसं त्याच्या हातून निसटली. शर्वरीकडे तो सभ्यपणे बघायचा, पाहुण्या बाईकडे बघावं तसा. सकाळी ओळख करून दिली की दुपारी पुन्हा करून द्यावी लागायची.

अशा माणसांची आठवण पुसली जाते, असं पूर्वीचे डॉक्टर मानत. अलीकडच्या संशोधनात वेगळंच दिसलं होतं. आठवण बहुतेक वेळा जागेवरच असते. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बुजलेली असते. विहीर आहे, पाणी आहे, पायऱ्या ढासळल्यात. त्यातून ‘मागोवा’ हे ॲप जन्माला आलं. कानामागे शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र चिकटवायचं. समोर कोण आलंय, आवाज कुणाचा, जागा कुठली, हे ते ओळखायचं आणि त्या माणसाशी बांधलेल्या प्रसंगाचा सुगावा, म्हणजे विजेची एक अगदी हलकी, ठरावीक थरथर, मेंदूपर्यंत पोचवायचं. आठवण यंत्रात नसायची. यंत्र वाट दाखवायचं, चालायचं माणसानंच. नवीन काही घडलं तर त्याचाही सुगावा बटण टिपून ठेवायचं, म्हणजे उद्या तो परत देता येईल.

या सगळ्या वाटांचा नकाशा बटणात मावणारा नव्हता. तो क्लाउडवर होता. दूरच्या एका शहरातल्या थंडगार इमारतीत, भाड्याच्या यंत्रांवर. तो नकाशा शर्वरीनं रचला होता. तीन साधे तक्ते. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात प्रसंग आणि तिसऱ्यात त्यांची जोडणी: कुठल्या प्रसंगात कोण होतं. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक ओळीला एक क्रमांक. माणसं क्रमांकांनी एकमेकांना धरून उभी.

“घरचं माणूस आहे,” नफीसा मॅडम म्हणाल्या होत्या. “पहिल्या प्रयोगाला निनाद चालेल, पण मग डेटाबेस दुसऱ्या कुणीतरी बघावा. आपल्याच माणसावर सर्जनसुद्धा सुरी चालवत नाही.”

“मी बाहेर बसून वाट बघू?” शर्वरी म्हणाली होती. “मॅडम, तो मला ‘अहो ताई’ म्हणतो.”

नफीसा मॅडमनी मग डेटाबेस तिच्याकडेच ठेवला.

आधी डेटाबेसची चाचणीपुरती वेगळी प्रत काढून तिच्यात खोटी माणसं भरली. शर्वरीनं त्यांना गंमतशीर नावं दिली, त्यांची लग्नं लावली, भांडणं लावली, कुणाला परगावी पाठवलं. हजारो प्रश्न एकदम विचारून बघितले. मुद्दाम यंत्र बंद पाडून, राखून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं राहतंय ना, तेही पाहिलं. मग खरी माणसं भरायची वेळ आली, तेव्हा निनादची मुलगी ओवी कोल्हापूरहून आली.

ओवी निनादच्या पहिल्या बायकोची, केतकीची मुलगी. ओवी शाळेत होती तेव्हाच केतकी रक्ताच्या आजारानं गेली. शर्वरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी या घरात आली होती. ओवी आता फिजिओथेरपी शिकत होती. शर्वरीशी ती चांगलं वागायची, पण दोघींच्या मध्ये कायम एक रिकामी खुर्ची असल्यासारखं असायचं.

ओवीनं येताना आईचं अख्खं आयुष्य पिशवीत भरून आणलं होतं. फोटो, आवाज, आजीनं सांगितलेल्या हकिगती, आत्यांनी सांगितलेल्या हकिगती. ती सांगत गेली, शर्वरी भरत गेली.

“म्हणजे आई एक ओळ?” ओवीनं विचारलं.

“हो.”

“आणि मी?”

“तूही. तुझ्या ओळीत आईचा क्रमांक आहे, बाबाचा क्रमांक आहे. त्यावरून यंत्राला कळतं की तू कुणाची.”

ओवीनं पडद्यावरच्या आईच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “आईची ओळ नीट भर हं, मावशी. तिच्या वतीनं बोलायला ती नाहीये.”

शर्वरीनं नीट भरली. केतकीच्या क्रमांकाला प्रसंग जोडता जोडता दिवस गेला. स्वतःचे जोडायला बसली तेव्हा फारसं काही सापडेना. नोंदणी पद्धतीनं झालेलं लग्न, गणपतीपुळ्याची एक सहल, त्याचा ताप उतरेना म्हणून रिक्षासाठी केलेली धावपळ. फोटोही मोजकेच. सुखाचे दिवस पुढे आहेत असं समजून दोघांनी ते साठवलेच नव्हते.

बटण लावलं त्या सकाळी निनादनं तिच्याकडे बघितलं. आधी त्याच नेहमीच्या, पाहुण्यासारख्या नजरेनं. मग भुवया जरा जवळ आल्या.

“शर्वरी,” तो म्हणाला, “केवढी वाळलीस गं तू!”

ती तिथंच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. तो तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिला. नफीसा मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ओवीनं बाबाच्या गळ्यात हात टाकले. त्या दिवशी शर्वरीला वाटलं, आता आयुष्याकडे काही मागायचं राहिलं नाही.

चार दिवसांनी मागायचं निघालं.

निनाद स्वयंपाकघरात आला, खिडकी उघडली आणि प्रसन्न होऊन म्हणाला, “ही केतकीनं पाडून घेतली. गवंडी म्हणाला, वहिनी, इथून खाडीचा वारा येईल. ही म्हणाली, अहो, वाऱ्यासाठीच पाडतेय.” जेवायला बसला तर, “केतकी बांगड्याच्या कालवणात तिरफळं ठेचून घालायची. तू का नाही घालत?” फिरायला नेलं तर पुलावर थांबून, “इथं केतकीची चप्पल पाण्यात पडली होती.” घरातली वस्तू, गावातलं वळण, ज्याला हात लावावा त्यातून केतकी निघायची.

त्याचा दोष नव्हता. आजारापूर्वी तो शर्वरीसमोर केतकीचं नाव चुकूनही काढत नसे. तो संकोच, ती काळजी आजारानं खरवडून नेली होती. आता वाट दिसली की तो लहान मुलासारखा धावत सुटायचा. आणि वाटा सगळ्या शर्वरीनंच आखल्या होत्या. आपल्या हातांनी, क्रमांक न चुकवता.

सवत जिवंत असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. ती म्हातारी झाली असती, तिच्या बोलण्याचा कधीतरी कंटाळा आला असता. केतकी जाड होणार नव्हती, चिडणार नव्हती, औषधाच्या वेळांची आठवण करून देणार नव्हती. औषधं शर्वरीनं द्यायची, अंघोळीला पाणी शर्वरीनं काढायचं आणि डोळ्यांत चमक यायची ती केतकीसाठी. एका दुपारी शर्वरी नवी साडी नेसून त्याच्यासमोर उभी राहिली. तो कौतुकानं हसला. “हा रंग केतकीला फार खुलायचा.”

ती आत गेली, साडी बदलली आणि ऑफिसला निघून गेली.

त्याच आठवड्यात नफीसा मॅडमनी तिला नवं काम दिलं होतं. “लोक एकाच माणसाच्या दोन नोंदी करतात बघ. एकीकडे बेबीआत्या, दुसरीकडे सुमती शेट्ये. माणूस एकच. अशा दोन ओळींची एक ओळ करायची सोय हवी. ती तपासून दे.”

शर्वरीनं ती सोय लिहिली. एका ओळीचे सगळे प्रसंग दुसरीच्या क्रमांकावर चढवायचे आणि पहिली ओळ काढून टाकायची. खोट्या माणसांवर चालवली. चालली. मग ती खुर्चीत मागे टेकून बसली. बाहेर लख्ख दुपार होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडला होता, आणि तिच्या डोक्यात एक वाक्य आलं: दोन ओळी, एकच माणूस. निनादची बायको.

चाचणीच्या प्रतीत खरी माणसं घालायची नाहीत, असा नियम होता. तो तिनंच लिहिला होता. तिनं निनादचा सगळा नकाशा चाचणीच्या प्रतीत उतरवून घेतला. मूळ प्रतीला आपण हात लावलेला नाही, असं स्वतःला बजावलं. हे फक्त बघण्यासाठी, असंही बजावलं. मग केतकीचा क्रमांक घातला, आपला क्रमांक घातला आणि कळ दाबली. डोळ्यांचं पातं लवायच्या आत झालं. केतकीची ओळ गेली. तिचे सगळे प्रसंग शर्वरीच्या नावावर आले.

घरी जाण्यापूर्वी तिनं निनादच्या बटणाला नवा पत्ता दिला. इथून पुढे ते मूळ प्रतीला न विचारता या प्रतीला विचारणार होतं.

संध्याकाळी चहा पिताना निनाद एकटक तिच्याकडे बघत होता.

“काय?” ती म्हणाली.

“तुझी चप्पल आठवली. पुलावरून पडलेली. तू एका पायात चप्पल घालून घरापर्यंत लंगडी घालत आलीस. लोक बघत होते आणि तुला काही नव्हतंच त्याचं.” तो हसू लागला. “शर्वरी, काय बाई आहेस तू!”

इतक्या जवळून त्यानं तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं, आजारापूर्वीही नाही.

पुढचे काही दिवस तिनं असे घालवले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यामागे वेडं झालंय. तो तिचा हात धरून फिरायला जायचा. पाणी चढायला लागलं की तिला हाक मारून दाखवायचा. तिनं कालवणात तिरफळं घालायला सुरुवात केली. लंगडी घातलेल्या रस्त्याबद्दल त्यानं विचारलं तर, “हो ना, केवढे खडे होते,” असंही ती एकदा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं घाईघाईनं विषय बदलला.

कारण मत्सर गेला नव्हता, उलट घरात मुक्कामाला आला होता. तो जितका प्रेमानं बघे, तितकं तिला पक्कं कळे की ही नजर कुणाची. दुसरीचे दागिने घालून आरशासमोर बसावं आणि आरशानं दागिन्यांचंच कौतुक करावं, तसं होतं ते. आधी केतकी तिच्या समोर होती. आता ती तिच्या आतच येऊन बसली होती. निनाद ‘शर्वरी’ म्हणे तेव्हा तिच्या मनात यायचं, हिला म्हणतोय, मला नाही.

तरी तिनं पत्ता परत बदलला नाही. उद्या बदलू, म्हणत राहिली.

ओवी न कळवता आली. शुक्रवारी दुपारी बेल वाजली, तेव्हा शर्वरी भाजी चिरत होती. दार निनादनं उघडलं.

“कोण हवंय आपल्याला?” त्याचा आवाज आला.

“बाबा, पुरे हं,” ओवी हसत म्हणाली. “सामान घे आधी.”

“आपण चुकून आलात का? मयेकरांचं घर हे.”

शर्वरी विळी तशीच टाकून बाहेर धावली. ओवी दारातच उभी होती. चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं, पण डोळे घाबरले होते. “मावशी, बटण काढलंय का याचं?”

बटण जागच्या जागी होतं. शर्वरीच्या डोक्यात वीज चमकावी तसं सगळं लख्ख झालं. तिनं केतकीचे प्रसंग आपल्या नावावर चढवले होते. पण ओवीच्या ओळीतला आईचा क्रमांक वेगळ्या तक्त्यात होता, त्याला तिनं हात लावला नव्हता. आणि अगदी सुरुवातीला, घाईघाईत, तिनंच नियम घालून ठेवला होता: ज्या ओळीचा आधार काढून घेतला जाईल, ती ओळही जाईल. केतकी गेली, तिच्यामागोमाग ओवी गेली. डेटाबेसच्या धंद्यात अशा आधार सुटलेल्या ओळीला अनाथ म्हणतात. हा शब्द शर्वरीनं शेकडो वेळा वापरला होता, आणि आजवर तो कुणा माणसाचा आहे असं तिला वाटलं नव्हतं.

“आत ये गं मुली,” निनाद मात्र ओवीला हळुवारपणे म्हणत होता. “उन्हातून आलीस. बस.” मग तो शर्वरीकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. “आपलं बाळ असतं तर एवढंच असतं ना, शर्वरी? मला दवाखाना आठवतोय. तू आठवतेस. पुढचं काही आठवत नाही. आपलं बाळ राहिलं नाही ना?”

ओवीच्या हातातली पिशवी खाली पडली.

ओवी मठ्ठ नव्हती. तिनं आधी बाबाकडे बघितलं, मग शर्वरीकडे. “दवाखान्यात तू?” ती म्हणाली. “मावशी, काय केलंस तू?”

निनाद पाणी आणायला आत गेला, तेव्हा शर्वरीनं सांगितलं. उभ्या उभ्या, ओल्या हातांनी, काही न लपवता सांगितलं. ओवी शेवटी फक्त म्हणाली, “आधी ते परत कर. माझ्यासमोर.”

शर्वरीनं लॅपटॉप उघडला आणि बटणाला मूळ प्रतीचा पत्ता दिला. तिथं केतकीची ओळ होती, ओवीची ओळ होती, सगळं जसंच्या तसं. पाणी घेऊन आलेल्या निनादनं डोळे मिटले, उघडले. “ओव्या! कधी आलीस?” त्यानं तिला कवेत घेतलं आणि ओवी त्याच्या खांद्यावर हमसून रडली. काय झालं ते त्याला कळेना. तिला हसवायला म्हणून तो तिच्या जन्माची गोष्ट सांगू लागला. “तू झालीस तेव्हा खाडीला पूर्ण भरती होती. मी खिडकीतून पाणीच बघत राहिलो. तेव्हा शर्वरी म्हणाली, ‘आता तरी समुद्राकडे पाठ कर!’”

ओवी त्याच्या मिठीतून सुटली. “शर्वरी नाही, बाबा. आई.”

निनाद गोंधळला. “आई? हो, पण मला दिसतेय ती शर्वरीच.”

दुसऱ्या दिवशी शर्वरीनं नफीसा मॅडमना सगळं सांगितलं. ओवीही सोबत होती. नफीसा मॅडमनी दोन्ही प्रती उघडून पाहिल्या.

“डेटाबेस पूर्ववत करता येतो,” त्या शेवटी म्हणाल्या. “मेंदू नाही करता येत. आपण आठवण काढतो तेव्हा ती पुस्तकासारखी वाचत नाही, शर्वरी. ती बाहेर येते, मऊ होते आणि परत ठेवताना नव्यानं लिहिली जाते. दर वेळी. चुकीच्या माणसासोबत बाहेर काढलीस, चुकीच्या माणसासोबत लिहिली गेली. बाकीचे प्रसंग त्यानं एकेकदाच काढले असतील, ते हळूहळू सावरतील. हा जन्माचा मात्र त्यानं पुन्हा पुन्हा काढलाय. बाळ कुठे गेलं, ते शोधत.”

शर्वरीला ते माहीत नव्हतं. तिच्या कुशीत शिरून तो कौतुकानं बोलायचा, तेव्हा मनात एकटाच एक हरवलेलं मूल शोधत होता.

“मग आता?” ओवीनं विचारलं.

“औषध तेच, जे विष होतं. आठवण वर आली की ती मऊ असते. त्या वेळी कुणीतरी दुरुस्त करायची. पुन्हा पुन्हा.”

“मी करेन.”

“तुझ्या आवाजाला ती बांधलेली नाही, बेटा. शर्वरीच्या चेहऱ्याला बांधली गेलीय. त्या आठवणीत शर्वरी बोलते. तर ‘मी तिथं नव्हते’ हे शर्वरीनंच सांगायला हवं.” मग त्या शर्वरीकडे वळल्या. आवाज कठोर नव्हता, पण त्यात वाटाघाटीला जागा नव्हती. “डेटाबेसच्या सगळ्या परवानग्या आज काढून घेतेय. हे काम आता दुसरं कुणी बघेल. आणि सगळ्यात आधी तो नियम बदलेल. जिच्या आधारावर कुणी उभं आहे, ती ओळ काढता येणार नाही, कुणालाही.”

निनादला सांगायलाच हवं, असं ओवीचं म्हणणं पडलं. त्या संध्याकाळी पडवीत बसून शर्वरीनं त्याला सांगितलं. समोर खाडीचं पाणी उतरत होतं.

“तुला दुखत होतं तर बोलायचंस,” तो म्हणाला.

“तू आजारी होतास.”

“आजारी होतो. बहिरा नव्हतो.” आणि तो उठून आत गेला. दोन दिवस त्यानं तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा त्यानं केला. साखर विसरला होता. तिनं तसाच प्यायला.

मग दुरुस्तीचे महिने सुरू झाले. ओवीचा जन्म त्याला केव्हाही आठवायचा. दवाखान्याच्या रस्त्यावर, लहान मूल दिसलं की, भरती आली की. “तू म्हणालीस ना, समुद्राकडे पाठ कर,” असं तो म्हणे, आणि शर्वरी हातातलं काम सोडून त्याच्यासमोर येऊन बसे. “मी नव्हते तिथे, निनाद. मी तेव्हा तुला ओळखतही नव्हते. केतकी होती. तिनं म्हटलं.”

सुरुवातीला ती हे पाढ्यासारखं म्हणायची. पण तेवढ्यानं भागेना. तो विचारायचा, मग ती कशी दिसत होती? काय बोलली पुढे? तेव्हा शर्वरीला ते दुसऱ्यांकडून मिळवावं लागलं. ओवी फोनवर फारसं बोलत नव्हती, पण एवढ्यासाठी बोलायची. आजीनं काय सांगितलं होतं, नर्स काय म्हणाली, केतकी बाळाला पहिल्यांदा घेताना का हसली. शर्वरी ते ऐकून घ्यायची, मनात नीट लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तोंडानं आपल्या नवऱ्याला सांगायची. दर वेळी आत काहीतरी जळायचं. ‘आता तरी समुद्राकडे पाठ कर’, असं वाक्य आपल्याला कधी सुचलं असतं का, हे तिनं स्वतःला किती वेळा विचारलं असेल! सुचलं नसतं, हेच तिला सर्वांत लागायचं. बाई हुशार होती. कधीकधी सांगता सांगता शर्वरीला वाटे, आज नको, आज जरा चुकीचंच राहू दे. पण ती सांगायची.

ओवी दिवाळीच्या सुट्टीत आली. घरात आली की ती शर्वरीशी अजूनही बेतानंच बोलायची. दुपारी पडवीत तिघं बसली होती. ओवी चकल्यांची ताटली मांडीवर घेऊन बसली होती, शर्वरी दारात उभी राहून केस पुसत होती. पाणी काठोकाठ चढलं होतं. निनादनं खाडीकडे बघितलं, मग लेकीकडे.

“तुझ्या जन्माच्या वेळी अशीच भरती होती,” तो म्हणाला. “मी खिडकीतून हलेना. आणि तुझी आई, एवढी दमलेली, पण आवाज बघ कसा खणखणीत! म्हणाली, ‘आता तरी समुद्राकडे पाठ कर!’ मी वळलो, तर केतकीच्या हातात तू.”

कुणी आठवण करून दिली नव्हती. तो अडखळला नाही, त्यानं शर्वरीकडे बघितलंही नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती नव्हतीच.

शर्वरीचा हात टॉवेलवर थांबला. यासाठीच तिनं एवढे महिने काढले होते. तरी छातीत तोच जुना काटा रुतला, आणि मनाच्या एका कोपऱ्यात आपण त्याच्या चुकण्याची वाट बघत होतो, हे तिला कळलं. ती आत जायला वळली.

“मावशी.”

ओवी तिच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. तिनं ताटली उचलून बाजूला ठेवली आणि पडवीच्या पायरीवर जरा सरकून जागा केली.

“बस ना,” ती म्हणाली. “पुढचं बाबाला येत नाही अजून. तुलाच नीट माहितीये.”

शर्वरी बसली. खाडीवरून वारा येत होता. मग तिनं ओले केस मागे सारले आणि केतकीनं पुढे काय केलं, ते सांगायला लागली.